देवासच्या निमित्ताने : संदर्भसूचीविषयी थोडेसे

देवाससंबंधीचा एक विद्यार्थ्याचा प्रबंध नुकताच आमच्या पाहण्यात आला. लेखन कळकळीचे होते. परंतु अखेरच्या संदर्भसूचीतील ‘फॉर्स्टर : हिल ऑफ देवी’ एवढीच नोंद पाहून आम्ही थबकलो.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने देवासला राहिले. त्या वेळची व १९१२-१३ मधील पहिल्या भेटीची पत्रे या पुस्तकात आहेत. पण ते प्रसिद्ध झाले १९५३ साली. महाराजांचे निधन त्यापूर्वीच, १९३७ मध्ये झाले होते. शिवाय पत्रांच्या अधूनमधून लेखकाने मागाहून लिहिलेली प्रकरणेही आहेत. म्हणजे एखादे मत राजवाड्यात बसून लिहिलेले की तीस वर्षांनी आठवून लिहिलेले, हे वाचकाला कळावयाचे तर सूचीत प्रकाशनवर्ष व आवृत्ती आणि तळटीपेत पत्राची तारीख व पृष्ठांक हवाच. एका राजाच्या कारकिर्दीविषयी निर्णय देताना हा भेद लहान नव्हे. याच लेखकाची ‘ए पॅसेज टु इंडिया’ (१९२४) देवासच्या गोकुळाष्टमीचा पुरावा म्हणून सांगणारेही भेटतात. त्या उत्सवाचा अनुभव तिच्यामागे आहे हे खरे. तरी ती कादंबरीच, आणि सूचीत तिची जागा वेगळी.

नावांचा घोळ तर मोठा गमतीचा आहे. फॉर्स्टरचे महाराज म्हणजे तिसरे तुकोजीराव पवार. आणि त्याच वेळी इंदूरच्या गादीवर होते तिसरे तुकोजीराव होळकर! नुसते ‘तुकोजीराव तिसरे’ लिहिणाऱ्याने कोणाचे दप्तर चाळले, हे कसे समजावे? देवासपुरतेही ‘थोरली पाती’ की ‘धाकटी पाती’ हे लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. एका गावात दोन राज्ये नांदत होती.

आडनाव आधी, हा नियम सर्वांस ठाऊक असतो. परंतु १९४८ पासून देवासलाच राहिलेल्या कुमार गंधर्वांचा ‘अनूपरागविलास’ (भाग १, १९६५) कोठे नोंदवाल? ‘गंधर्व, कुमार’ असे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. गंधर्व हे आडनाव नव्हे. मूळ नाव शिवपुत्र कोमकली. ग्रंथावरील नाव जसेच्या तसे ‘क’खाली घालावे, हे बरे.

जुन्या मराठी ग्रंथांवर शक असतो, माळव्यातील कागदांवर पुष्कळदा विक्रम संवत. मूळ आकडा तसाच ठेवून शेजारी कंसात इसवी सन द्यावा. शकात साधारण ७८ मिळवावे, संवतातून ५७ वजा करावे. मात्र वर्षाच्या कडेच्या महिन्यांत एका वर्षाचा फरक पडतो, तेथे तिथी पाहावी.

आणि जो ग्रंथ आपण उघडलाच नाही, तो दुसऱ्याच्या सूचीतून उचलून आपल्या सूचीत मांडू नये. ज्यात त्याचा उतारा वाचला त्याचेच नाव द्यावे. घरच्या पेटीतील मोडी पत्र वापरले असेल तर कोणी, कोणास, कधी लिहिले आणि आज ते कोणाकडे आहे, एवढे लिहिले की पुरे. आजीने सांगितलेली हकीकत असेल तर तिचे नाव, गाव व ऐकल्याची तारीख द्यावी. ती लाजून नको म्हणेल, तरी विचारून द्यावी.