वजनाचे ऑपरेशन : स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास?



सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, ही म्हण आपण सुरतकर मराठी माणसांनीही चांगलीच मनावर घेतली आहे. सकाळी लोचो, थंडीत पोंक, चंदनी पडव्याला घारी, आणि घरी खानदेशची शेवभाजी नि वरण-बट्टी चालूच. त्यात दिवसभर दुकानात किंवा ऑफिसात बसून काम. आज आपल्यातल्या बऱ्याच घरांत चाळिशी-पन्नाशीचे कोणीतरी असे आहे, ज्यांचे वजन नव्वदी-शंभरीला टेकले आहे, शुगरची गोळी वाढतच चालली आहे, गुडघे बोलू लागले आहेत आणि रात्रीच्या घोरण्याने घरच्यांची झोप उडाली आहे. अशा घरात कधीतरी वजनाच्या ऑपरेशनचा विषय निघतो.

नितीन गडकरींनी २०११ मध्ये आणि अरुण जेटलींनी २०१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतल्यापासून तिचे नाव सर्वांना माहीत झाले. पण ‘कोणते ऑपरेशन करायचे?’ या प्रश्नाचे उत्तर अजूनही बहुतेक वेळा ‘शेजारच्या वहिनींनी केले तेच’ किंवा ‘पॅकेज कमी आहे ते’ असेच मिळते. शेजारच्या वहिनींना पित्ताचा त्रास नसेल, तुम्हाला असेल. त्यांची शुगर दोन वर्षांची असेल, तुमची पंधरा वर्षांची. म्हणून आधी प्रत्येक ऑपरेशन पोटात नेमके काय बदलते ते पाहू, आणि मग आपल्या प्रकृतीला कोणते मानवेल याचा विचार करू.

ऑपरेशनचा विचार कधी करावा?

वजन किलोमध्ये आणि उंची मीटरमध्ये घ्या. वजनाला उंचीने दोनदा भागले की येणारा आकडा म्हणजे बीएमआय. १६० सेंटिमीटर उंची आणि ९० किलो वजन असेल तर बीएमआय साधारण ३५ येतो.

आपल्या लोकांसाठी हे आकडे पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरले जातात. त्यामागचे कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार सुंदर दाखवून दिले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणजे वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसातही चरबी जास्त असू शकते, आणि मधुमेह लवकर गाठतो.

२०२२ मध्ये या क्षेत्रातील दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांनुसार बीएमआय ३५ च्या पुढे असेल तर इतर आजार नसला तरी शस्त्रक्रियेची शिफारस होते, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून पुढे हा पर्याय समोर ठेवता येतो. २७.५ आकडा आला की लगेच टेबलावर झोपायचे, असा त्याचा अर्थ नाही. आहार, व्यायाम आणि औषधे मनापासून करूनही आजार आटोक्यात येत नसेल तर हा विचार करावा.

नावे वेगळी, रचना वेगळी

स्लीव्ह : यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ८० टक्के भाग कापून शरीराबाहेर काढतात. उरते केळ्याच्या आकाराची नळी. आतड्यांना हात लावत नाहीत. भूक लावणारे हार्मोन ज्या भागात जास्त तयार होते तो भागही निघून जातो, त्यामुळे पोट लवकर भरते आणि भूकही कमी लागते. ऑपरेशन तुलनेने सोपे आहे. मात्र काढलेले जठर परत बसवता येत नाही.

बायपास : जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करतात. कटिंग चहाही तीत मावणार नाही. लहान आतडे कापून त्याचे एक टोक या पिशवीला जोडतात आणि दुसरा जोड खाली इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा देतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जाते. जुने जठर पोटातच राहते, पण नेहमीची दुर्बीण तिथे पोहोचत नाही.

मिनी बायपास : यात जठराची लांब नळी करून तिला आतड्याचा एकच जोड देतात आणि साधारण दीड ते दोन मीटर आतडे वगळतात. जोड एकच असल्याने वेळ कमी लागतो आणि वजन चांगले उतरते. आपल्या देशात हा प्रकार बराच केला जातो. पण आतड्यातले पित्त वर जठरात येण्याची शक्यता राहते. फ्रान्समधील एका चाचणीत दोन मीटर आतडे वगळलेल्या मिनी बायपासची तुलना साध्या बायपासशी केली. दोन वर्षांनी वजनातली घट सारखीच होती, पण जुलाब आणि पोषणाच्या कमतरता मिनी बायपासमध्ये जास्त आढळल्या. म्हणून ‘मिनी’ शब्दावर जाऊ नये. परिणाम मोठाच असतो.

जठराभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवण्याची पद्धत एके काळी जोरात होती. पुढे पुन्हा ऑपरेशन करून पट्टा काढण्याची वेळ अनेकांवर आली आणि ती मागे पडली. पोटात काही महिने ठेवायचा फुगा ही शस्त्रक्रिया नव्हे. फुगा निघाला की वजन परतण्याची शक्यता मोठी.

निवड ठरवणारे प्रश्न

१. छातीत जळजळ होते का? रात्री आंबट पाणी घशाशी येत असेल, पित्ताची गोळी रोज लागत असेल, तर हे सर्जनना आवर्जून सांगा. स्लीव्हच्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर अन्ननलिकेत येते. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत दहा वर्षांनी दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना आणि बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांना होती. त्याच चाचणीत दहा वर्षांनी स्लीव्हमध्ये सुमारे ४३ टक्के जादा वजन उतरलेले होते, बायपासमध्ये सुमारे ५१ टक्के. वजनातला फरक त्या मानाने थोडा, जळजळीतला फरक मोठा. म्हणून ऑपरेशनपूर्वी दुर्बिणीची तपासणी झालीच पाहिजे.

२. मधुमेह किती जुना आहे? अमेरिकेत १५० मधुमेही रुग्णांवरील चाचणीत पाच वर्षांनी तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६ किंवा त्याखाली आलेले लोक असे होते : फक्त औषधांवर १०० पैकी ५, स्लीव्हनंतर २३ आणि बायपासनंतर २९. म्हणजे ऑपरेशनचा फायदा खरा आहे, आणि बायपास किंचित पुढे आहे. पण ‘ऑपरेशन केले की डायबिटीस गेला’ ही जाहिरात या आकड्यांत बसत नाही. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिन जितके जास्त वर्षे चालू, तितकी तो पूर्ण माघार घेण्याची शक्यता कमी.

३. आयुष्यभर गोळ्या आणि तपासण्या जमतील का? कोणत्याही प्रकारानंतर जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम आणि बी-१२ घ्यावे लागते, आणि बायपासच्या दोन्ही प्रकारांत ते चुकवून चालतच नाही. आपल्यातील शाकाहारी मंडळींमध्ये बी-१२ आधीच कमी असते, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यानेही ते घटते. ते फार घटले की हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि उशीर झाला तर ही हानी कायमची राहू शकते. स्त्रियांनी हिमोग्लोबिनकडे विशेष लक्ष द्यावे. मूल हवे असेल तर ऑपरेशननंतर निदान वर्ष-दीड वर्ष थांबावे.

४. गुडघेदुखीच्या गोळ्या आणि तंबाखू? डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. ज्यांना त्या रोज लागतात त्यांच्यासाठी स्लीव्हचा विचार आधी होतो. विडी-सिगारेट आणि तंबाखू ऑपरेशनपूर्वीच सुटले पाहिजेत. दमणला जाऊन ‘कधीतरी’ घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे : बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, आणि तिची सवय लागण्याचा धोका वाढतो.

५. अडचण आली तर कुठे असाल? आपली निम्मी मंडळी लग्नकार्याला, सुट्टीला ताप्ती लाइनने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जातात. बायपासनंतर काही वर्षांनीही आतडे आतल्या आत अडकू शकते. अचानक पोटात जोरात कळ येते, उलट्या होतात. गावच्या डॉक्टरांना ऑपरेशनची माहिती नसेल तर ‘गॅस झाला’ म्हणून मोलाचे तास वाया जाऊ शकतात. ऑपरेशनचे नाव, तारीख आणि सर्जनचा फोन लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवा, आणि घरातल्या दोघांना तरी नीट सांगून ठेवा.

सणवार, उपवास आणि ताट

ऑपरेशननंतर आधी पातळ, मग मऊ, मग साधे जेवण असा क्रम असतो. प्रथिने आधी, पोळी-भात नंतर. पनीर, दही, मुगाचे धिरडे, मोड आलेली मटकी आणि खात असाल तर अंडी. बायपासनंतर घारी, जिलेबी, श्रीखंड यांसारखे गोड एकदम पोटात गेले की घाम येतो, धडधडते, चक्कर येते, जुलाब होतात. साबुदाण्याच्या खिचडीवरच्या उपवासात प्रथिने जवळपास नसतातच. निर्जळी उपवास पहिल्या वर्षात तरी करूच नये, कारण छोट्या पोटात पाणी घोट-घोटच जाते आणि सुरतेच्या उन्हाळ्यात शरीर लवकर कोरडे पडते. घरातल्या मोठ्यांना हे आधीच समजावून सांगितले तर पुढे आग्रह होत नाही.

खर्च आणि विमा

२०१९ मध्ये विमा नियामक इर्डाईने या शस्त्रक्रियेबाबत नियम स्पष्ट केले. वय १८ किंवा अधिक असावे आणि डॉक्टरांचा सल्ला असावा. बीएमआय ४० किंवा अधिक हवा. किंवा तो ३५ च्या पुढे असून सोबत लठ्ठपणामुळे आलेला हृदयस्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास थांबण्याचा गंभीर विकार किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह हवा, आणि साधे उपाय करून झालेले असावेत.

१६० सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी हिशेब असा : वैद्यकीय विचार सुमारे ७० किलोपासून सुरू होऊ शकतो, पण विम्याचे दार आजारासह सुमारे ९० किलोला आणि आजाराशिवाय सुमारे १०२ किलोला उघडते. मधल्या वजनाच्या माणसाला खर्च बहुधा स्वतःच करावा लागेल. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ तपासा आणि मंजुरी लेखी घ्या. पॅकेजची तुलना करताना पुढच्या वर्षांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्याही धरा.

अलीकडे वजनाच्या इंजेक्शनांचीही चर्चा आहे. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आले. कापाकापी नको असेल किंवा वजन मध्यम असेल तर डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला. इंजेक्शन बंद केल्यावर बरेचसे वजन परत येते, हेही विचारात घ्या.

सर्जनकडे जाताना

अनुभवी केंद्रांत या ऑपरेशनचा जिवाला असलेला धोका कमी, साधारण हजारात एक ते तीन इतका आहे. तरीही पुढील प्रश्न कागदावर लिहून न्या :

• तुम्ही तिन्ही प्रकार करता का, की एकच? माझ्यासाठी हाच प्रकार का?
• दुर्बिणीची तपासणी, झोपेची तपासणी, बी-१२ आणि लोह कधी करायचे?
• जोडातून गळती झाली तर रात्री कोण उपलब्ध असेल?
• आहारतज्ज्ञ किती दिवस सोबत असतील? पाच वर्षांनंतर तपासणीला कोणाकडे यायचे?
• पुढे वजन पुन्हा वाढले तर काय करता येईल?

पहिल्या भेटीत ‘आजच बुक केले तर सवलत’ असे कोणी म्हणाले, तर चहा पिऊन घरी या आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. ही घाईची शस्त्रक्रिया नाही. थोडक्यात सांगायचे तर, जळजळ जास्त असेल तर स्लीव्हपासून जपून. मधुमेह मोठा असेल आणि गोळ्या-तपासण्या नेमाने होणार असतील तर बायपासचा विचार. रोज वेदनाशामक लागत असतील तर स्लीव्हकडे कल. मिनी बायपास निवडायचा असेल तर किती आतडे वगळणार हे विचारून. अंतिम निर्णय तुमचे रिपोर्ट पाहून तुमचे डॉक्टरच देतील. भेटीला जाताना घरी स्वयंपाक जे करतात त्यांनाही सोबत न्या, कारण पुढची सगळी वर्षे हे ऑपरेशन त्यांच्याही स्वयंपाकघरात राहणार आहे.