हजेरीपटाबाहेरचे मृत्यू

इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर म्हटलं की आधी साखर कारखाना आठवतो. ते वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांचा दुसरा पसारा समुद्रावर होता : १९१९ मध्ये उभी राहिलेली सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी. तिचं ‘जलपद्म’ हे जहाज १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत होतं. जवळच ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज लागलं होतं.

‘फोर्ट स्टिकिन’च्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. त्यातच कराचीला ८,७०० कापसाच्या गाठी चढवल्या गेल्या. १२ एप्रिलला जहाज मुंबईत आलं, पण धोक्याचा लाल बावटा त्यावर चढला नाही. दोन दिवसांनी, दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या मालकप्प्यातून धूर निघू लागला. बंबांनी शेकडो टन पाणी आत सोडलं. बाहेरून जहाजाच्या पत्र्यावरचा रंग फुगून सुटू लागला, तेव्हा आग नेमकी कुठे आहे ते कळलं. पण पत्रा कापायला आणलेलं गॅसचं यंत्र चाललं नाही. जहाज बाहेर ओढून न्यायचं की जागीच बुडवायचं, याचा निर्णय घ्यायला एकच असा अधिकारी नव्हता.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. ‘जलपद्म’ उचलून धक्क्यावर फेकलं गेलं. पेटता कापूस आणि तापलेलं लोखंड मांडवी, मशीद बंदर परिसरातल्या वखारींवर, चाळींवर पडलं. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.  त्यांची नावं दलाच्या दप्तरात होती. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

रोजंदारीवरच्या हमालाचं तसं नव्हतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामती-इंदापूरच्या सगळ्या शिवारांत पोचत नव्हतं. अशा जिराईत गावांतली माणसं पोटासाठी मुंबई गाठत. गोदीत काम मिळे ते मजूर पुरवणाऱ्या टोळीवाल्यामार्फत, दिवसापुरतं. आज कोण आत गेलं हे टोळीवाल्याला ठाऊक. आणि तोही गेला तर कोणालाच नाही. त्यात युद्धकाळातली सेन्सॉरशिप. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी दिली, पण इथल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायला मे उजाडला. गावी वाट पाहणाऱ्या घराला मनीऑर्डर थांबली, एवढीच खूण.

सरकारी आकडा सुमारे ७४० मृतांचा. काही अंदाज १,३०० पर्यंत जातात. ही तफावत केवळ गोंधळाची नसावी; नोंद कशाची ठेवली जाते, याचाही तो प्रश्न आहे. जहाजावर जवळपास नऊ लाख पौंडांचं सोनं होतं. पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ उपसताना त्याच्या विटा सापडत गेल्या आणि जमा होत गेल्या; त्यांची यादी होती. नुकसानभरपाईसाठी सरकारने त्याच वर्षी वटहुकूम काढला. जहाजाला, वखारीतल्या मालाला मालक आणि कागद होता. रोजंदाराच्या विधवेला मात्र, नवरा त्या दिवशी गोदीत होता, इथपासून सिद्ध करावं लागणार.

गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा १९४८ मध्ये झाला, मुंबईचं गोदी कामगार मंडळ १९५१ मध्ये आलं. तोवर ज्यांची नावं कुठेच चढली नव्हती, ती सगळी माणसं ७४० मध्ये आली असतील, असं धरून चालता येत नाही. तो आकडा नोंद झालेल्यांचा आहे. मृतांचा हिशेब तिथे संपत नाही.