वाटाणे मोजणारा धर्मगुरू



पेरणीच्या तोंडावर दरवर्षी एक प्रश्न हमखास कानी येतो : "साहेब, गेल्या साली संकरित ज्वारी झकास आली. त्यातलीच चांगली कणसं राखलीत. यंदा तेच बी पेरलं तर काय बिघडलं?" काय बिघडते, ते तुमच्यापैकी अनेकांनी शिवारात पाहिलेच आहे. एक ताट उंच, दुसरे बुटके. एक कणीस भरलेले, दुसरे हलके. मग कोणी जमिनीला दोष देतो, कोणी 'देवाची इच्छा' म्हणून गप्प बसतो. यामागचा नियम प्रथम शोधून काढला तो एका ख्रिस्ती धर्मगुरूने, आणि तोही वाटाणे मोजून.

त्यांचे नाव ग्रेगोर मेंडेल. जन्म १८२२ चा, गरीब शेतकऱ्याच्या घरातला. शिक्षणाला पैसा पुरेना. १८४३ साली ते ब्रनो येथील ख्रिस्ती मठात दाखल झाले. हे शहर आज चेक प्रजासत्ताकात आहे. मठाच्या आवारात त्यांना ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद एवढी जागा मिळाली, म्हणजे आपले जेमतेम अडीच गुंठे. तेथे १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी वाटाण्याची सुमारे २८,००० झाडे वाढवली.

वाटाण्याचे फूल आपल्याच परागाने फळते. म्हणून मेंडेल कळी उघडून पुंकेसर काढून टाकीत आणि दुसऱ्या जातीचा पराग आणून लावीत. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या जातींचा त्यांनी असा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. ते पेरून पुढच्या पिढीचे ७,३२४ दाणे त्यांनी मोजले. ५,४७४ गोल होते आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे तीनास एक. सुरकुतलेपणा नाहीसा झाला नव्हता, तो फक्त दडून बसला होता.

तुमच्या ज्वारीत हेच घडते. संकरित बियाण्याची पहिली पिढी एकसारखी व जोमदार येते. तिचेच बी पुन्हा पेरले की दडलेले गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. म्हणून संकरित ज्वारी, बाजरी, मका, कापूस यांचे बी दरवर्षी नवे घ्यावे. गहू, हरभरा, सोयाबीन यांच्या सरळ वाणांचे बी मात्र भेसळ काढून दोन-तीन वर्षे घरचे वापरता येते.

कोणी विचारील, प्रार्थना करणाऱ्या माणसाला ही मोजदाद कशाला? सृष्टी ईश्वराची आहे असे ज्याला वाटते, त्याला ती नियमाने चालते असेही वाटणे साहजिक आहे. पण नियम कोणता, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मेंडेल १८६८ मध्ये मठाधिपती झाले. ईस्टरच्या एका प्रवचनासाठी त्यांनी केलेले टिपण उपलब्ध आहे. त्यात ते माळ्याचा दाखला देतात : माळी तयार जमिनीत रोप लावतो, पण तेवढ्याने भागत नाही, ऊन, उजेड आणि पाऊसही लागतो. तसेच ईश्वराची कृपा मिळाली तरी माणसाने ती सत्कर्मांनी जपावी लागते.

१८६५ साली मेंडेल यांनी आपले निष्कर्ष ब्रनोच्या विद्वानांपुढे वाचले. पुढच्या वर्षी ते छापलेही गेले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८८४ मध्ये ते वारले. १९०० साली युरोपातल्या तिघा शास्त्रज्ञांच्या हाती तेच नियम आले, तेव्हा कुठे जगाला त्यांची ओळख पटली.

तुमचा देव कोणताही असो, त्याला हात जोडाच. पण यंदा घरचे सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. गोणपाट सुकू देऊ नका. आठवड्याने घरातल्या मुलांना जवळ बसवा आणि कोंब मोजा. सत्तरपेक्षा कमी उगवले, तर एकरी बियाणे वाढवा. फारच कमी असतील, तर ते बी पेरू नका.