धुरावर जगणारे घर

स्कॉटलंडच्या वायव्येला, आउटर हेब्रिडीजमधील ल्यूइस बेटावर आर्नोल नावाचे गाव आहे. तेथील ४२ क्रमांकाचे गवताने शाकारलेले घर मध्ययुगीन वाटते. प्रत्यक्षात ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. १९६०च्या दशकापर्यंत त्यात एक कुटुंब नांदत होते. आज ते ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड’ या सार्वजनिक संस्थेच्या देखभालीखाली आहे.

या घराची घडण दोन गोष्टींनी ठरवली: अटलांटिकचा वारा आणि झाडांचा दुष्काळ. भिंती दुहेरी, बिनचुन्याच्या दगडांच्या. मधल्या पोकळीत माती ठासलेली. छप्पर बाहेरच्या भिंतीवर नव्हे, आतल्या भिंतीवर टेकते. त्यामुळे वाऱ्याला उचलायला वळचणच सापडत नाही. कोपरे गोलसर, आणि गवतावर दगड बांधलेल्या दोरांचे जाळे. लाकूड इतके दुर्मीळ की समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले ओंडकेही वाशांसाठी वापरले जात.

घराला धुराडे नाही. मधोमध जमिनीवर पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या सेंद्रिय मातीचा, विस्तव असे. धूर सावकाश छपरातून झिरपत बाहेर पडे. वाटेत तो वासे कोरडे ठेवी आणि किडीला आळा घाली. काजळीने माखलेले जुने गवत उतरवून बटाट्याच्या आणि धान्याच्या शेतात खत म्हणून पसरले जाई. गुरेही त्याच छपराखाली. त्यांची ऊब घराला, शेण शेताला. शेतातला पेंढा पुन्हा छपरावर. म्हणजे छप्पर हा शेतीचाच एक टप्पा होता.

‘काळे घर’ हे नाव मात्र तुलनेतून आले. चुन्यात बांधलेली, धुराडे असलेली नवी घरे ‘पांढरी’ ठरली, तेव्हा जुनी ‘काळी’ झाली. गेलिकमध्ये ‘ताय-दू’. माणसे आणि गुरे यांनी एकाच छताखाली राहणे आरोग्याला घातक, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य होतेच. कोंडलेल्या धुराची किंमत डोळे आणि फुप्फुसे मोजत. म्हणून या घरासाठी हळहळताना ते सोडून जाणाऱ्यांचा निर्णय विसरता येत नाही.

जतनाचा पेच इथेच आहे. दगडी किल्ला कुलूप लावूनही बराच काळ टिकतो. हे घर मात्र विस्तव विझला की ओल धरू लागते. म्हणून आजही तिथे पीट पेटवला जातो, पण त्यावर रोजचा स्वयंपाक होत नाही. गोठा आहे, गुरे नाहीत. शाकारणी होते, पण ती आता कुशल कारागिरीची बाब आहे, शेतीच्या वर्षचक्रातला ठरलेला दिवस नाही.

तरीही हा खटाटोप व्यर्थ नाही. चित्रातून भिंतीची जाडी कळेल. पण काहीही वाया न घालवणारी व्यवस्था माणसांकडून केवढे कष्ट वसूल करी, हे त्या धुरात दहा मिनिटे उभे राहिल्यावरच कळते.