अर्धं मैदान, पूर्ण खेळ

थंडी पडू लागली की आमच्या वसईत संध्याकाळी सोसायट्यांच्या आवारात बॅडमिंटनचं फूल उडू लागतं. दोन खांबांना दोरी बांधायची, तिच्यावर एखादी जुनी ओढणी टाकायची, की झालं नेट तयार! लेकी खेळतात, सुना खेळतात, भाजी निवडायची सोडून आम्ही चाळिशीतल्या बायकाही दोन हात मारून घेतो. तसा हा खेळ आपलाच. इंग्रज अधिकारी तो पुण्यात खेळत, म्हणून त्याचं सुरुवातीचं एक नावच मुळी ‘पूना’ होतं. पुढे १९४० च्या दशकात क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधरांच्या लेकींनी यात राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली.

पण मला आज सांगायचंय ते २०१९ च्या ऑगस्टमधलं. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालली होती. रविवारी, २५ तारखेला पी. व्ही. सिंधूनं जपानच्या ओकुहाराला २१-७, २१-७ असं हरवलं. आधीच्या दोन वर्षी ती अंतिम फेरीत हरली होती. आईच्या वाढदिवशी तिनं ते पदक आईला अर्पण केलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचेच डोळे पाणावले.

दुसऱ्या दिवशी पेपर चाळताना एका कोपऱ्यातल्या बातमीवर नजर पडली. त्याच शहरात, त्याच आठवड्यात दिव्यांगांचीही जागतिक स्पर्धा झाली होती. आपल्या खेळाडूंनी तिथं १२ पदकं मिळवली होती आणि मुंबईच्या अणुशक्तीनगरात वाढलेली मानसी जोशी जगज्जेती झाली होती. आदल्या दिवशी घरभर टीव्ही चालू होता, पण या मुलीचं नाव मी ऐकलंसुद्धा नव्हतं. मी ती बातमी कापून पर्समध्ये ठेवली. कारण मला एक दार दिसत होतं.

ते दार नालासोपाऱ्यातल्या एका चाळीतलं. मंडळाच्या कामामुळे माझं त्या घरी जाणं-येणं होतं. तिथल्या एकवीस वर्षांच्या मुलीचा एक पाय रस्त्यावरच्या अपघातात गुडघ्याखाली गेला होता. एका शिबिरात तिला कृत्रिम पाय मिळाला होता, पण तो असायचा पलंगाखाली, जुन्या साडीत गुंडाळलेला. “पाहुण्यारावळ्यांना दिसायला नको हो ताई,” तिची आई म्हणायची. मुलगी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी गेले की शेजारी बसायचे आणि सांगायचे, “धीर सोडू नकोस बाळा, मन घट्ट कर.” ती नुसती मान हलवायची. बाहेर पडताना मला वाटायचं, हिलाच उभं राहायचं नाही, आपण तरी काय करणार?

त्या आठवड्यात मी बातमी घेऊन गेले. मानसीबद्दल जेवढं वाचलं होतं तेवढं सांगितलं. इंजिनीअर मुलगी, २०११ च्या डिसेंबरात स्कूटरवरून ऑफिसला निघालेली, ट्रकखाली डावा पाय गेला. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम करणाऱ्या वडिलांबरोबर ती लहानपणापासून बॅडमिंटन खेळायची. कृत्रिम पाय बसवल्यावर चालायला शिकली आणि पुन्हा रॅकेट हातात घेतली. २०१५ मध्ये जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरीचं रौप्य, २०१७ मध्ये एकेरीचं कांस्य, मग हैदराबादला गोपीचंद अकादमीत सराव आणि आता सुवर्ण. अंतिम सामन्यात तिनं हरवलं तेही पारुल परमारला, जी तिच्या गटात कित्येक वर्षं अव्वल होती.

मला वाटलं, आता ही भारावून जाईल. तिनं बातमी दोनदा वाचली आणि विचारलं, “काकू, तिला पाय टोचत नसेल का हो?”

मी गप्प झाले. मग तिनं पहिल्यांदाच मला आपला पाय दाखवला. कृत्रिम पायाची वाटी जिथं बसते तिथली कातडी सोलवटून लाल झाली होती. पाय घातला की आग व्हायची, म्हणून ती तो घालत नव्हती. आईला वाटे, लेकीला लाज वाटते. मला वाटे, हिनं हाय खाल्ली आहे. वर्षभर मी तिला धीर देत होते, पण दुखतंय का, हे एकदाही विचारलं नव्हतं!

नंतर कळलं ते असं. ऑपरेशननंतर पहिले काही महिने उरलेल्या पायाची सूज उतरत जाते, त्याचा आकार बदलतो. आधी मापात असलेली वाटी मग सैल होते, घासते. ती पुन्हा मापानं बसवून घ्यावी लागते आणि चालण्याचा व्यायामही शिकावा लागतो. शिबिरात पाय मिळाला म्हणजे काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं. आम्ही तिला तज्ज्ञाकडे नेलं. जखम भरायला वेळ लागला, दोनदा वाटी बदलावी लागली. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी हेलपाटे झाले. पण दिवाळीनंतर ती जिना उतरून खाली आली.

आज ती एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला जाते. थंडीत कधी आमच्या आवारात खेळायला येते. मानसीच्या गटात एकेरीचा सामना अर्ध्या मैदानावर होतो, हे तिनंच पोरांना शिकवलं. पोरं खडूनं मधोमध रेघ मारतात. नियम दोघींना सारखा, समोरचीही अर्ध्यातच खेळणार! जगज्जेती वगैरे तिला व्हायचं नाही. मात्र हरली की तिला राग येतो आणि तो राग पाहून मला बरं वाटतं.

मानसीची वाटही पुढे सरळ नव्हती. २०२१ मध्ये टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये बॅडमिंटन पहिल्यांदाच आलं, पण तिच्या गटाची महिला एकेरी तिथं नव्हतीच. २०२४ मध्ये पॅरिसला ती होती, मानसी खेळली, पण साखळीतच हरली. जिंकलेल्यांच्या बातम्या आपण वाचतो. अशा हरण्याच्या, थांबण्याच्या गोष्टीही आपल्या लेकींना सांगायला हव्यात.

मैत्रिणींनो, तुमच्याही गल्लीत असं एखादं बंद दार असेल. तिथं जाल तेव्हा धीर द्यायची घाई करू नका, माझ्याकडून ती चूक झाली आहे. शेजारी बसा आणि आधी एवढंच विचारा, “कुठं दुखतंय गं?”