पांढरीतले धन

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या शिवारात एखादी ओसाड पांढर असेल. कोणे एके काळी तिथे गाव नांदत होते. दुष्काळ पडला, पटकी आली, नाही तर नदीने पात्र बदलले, आणि माणसे उठून गेली. सरकारी दप्तरात अशा गावाला 'बेचिराख' म्हणतात. म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते गाव. भिंती पावसाने विरघळल्या, चुलींची राख त्यांत मिसळली आणि टेकाड तेवढे उरले. ही राखट माती खत म्हणून शेतात नेण्याची चाल जुनीच आहे. ती खणताना एखादे हिरवे पडलेले नाणे हाती लागते आणि गावात कुजबूज सुरू होते, "तिथं धन आहे बरं का!"

पूर्वी अशा धनासाठी मांत्रिक बोलावीत. आता कोणी धातुशोधक यंत्र आणतो. मांत्रिकाच्या नादाने अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ती गोष्ट सोडून देऊ. यंत्राचा विचार मात्र नीट केला पाहिजे.

हे यंत्र म्हणजे काठीच्या टोकाला बसवलेले तारेचे वेटोळे. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू असला तर त्यातही बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात. त्यांचे उलटे क्षेत्र यंत्राला जाणवते आणि आवाज येतो. दुसऱ्या महायुद्धात जमिनीतले सुरुंग शोधायला अशी यंत्रे फार उपयोगी पडली. लहान नाण्याचा पत्ता ते साधारण वीतभर खोलीपर्यंत देते. पुष्कळ यंत्रे धातूधातूंतला फरकही अंदाजाने सांगतात. पण वस्तू किती जुनी, कोणाची, तिथे कशी आली, हे कोणतेच यंत्र सांगत नाही. आणि खापर, हाड, मणी, जळके धान्य यांच्यावरून ते मुकाट्याने पुढे जाते.

आता गंमत पाहा. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरे सापडली. ते लोक जव पिकवीत, मेलेल्या लेकराला रांजणात घालून घराच्या जमिनीखालीच पुरत. हे कशावरून कळले? जळक्या दाण्यांवरून, हाडांवरून, चुलींवरून. यंत्र घेऊन तिथे कोणी हिंडला असता, तर यातले काहीच त्याच्या कानी पडले नसते. उलट एका तांब्याच्या तुकड्यासाठी त्याने ही सगळी पाने फाडली असती.

पाने म्हटले ते उगीच नव्हे. आपल्या घरात सारवणावर सारवण चढते. खालचा थर जुना, वरचा नवा. पांढरीचेही तसेच असते. एका थरात सापडलेल्या वस्तू एकमेकींच्या साक्षीदार असतात. वस्तू उपटून काढली की साक्ष बुडाली.

याचे उदाहरण आपल्याच घरचे आहे. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे असेच उजाड गाव आहे. १९७४ साली एका गावकऱ्याला झाडाच्या बुंध्याशी खणताना चार वस्तू सापडल्या: बैलजोडी जोडलेला रथ आणि त्यात उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्या धातूच्या, भरीव, मिळून ६० किलोंहून अधिक वजनाच्या. त्या नष्ट झाल्या नाहीत, संग्रहालयांत पोहोचल्या, हे आपले भाग्य. पण त्या नेमक्या कोणत्या थरात होत्या, शेजारी काय होते, हे पाहणारा जाणकार त्या क्षणी तिथे नव्हता. म्हणून पुष्कळ अभ्यासक त्यांना सुमारे चार हजार वर्षांच्या मानतात, तर काही जण धातूच्या घटकांवरून म्हणतात की त्या बऱ्याच अलीकडच्या असाव्यात. पुढे तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले, तरी तो वाद पुरता मिटला नाही.

याच्या उलट इंग्लंडातली गोष्ट ऐका. १९९२ साली हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. ओळखीचा माणूस यंत्र घेऊन तो शोधायला गेला, आणि हाती लागली रोमन काळची सोन्यारुप्याची नाणी! थोडी काढल्यावर त्याने खणणे थांबवले आणि वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ आले. सुमारे १५,००० नाणी तर मिळालीच. शिवाय लाकडी पेटी कशी भरली होती, कशात काय ठेवले होते, हेही कळले. त्याला मोठे बक्षीस मिळाले, ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, तोही संग्रहालयात आहे.

आपल्याकडेही कायदा आहे, १८७८ सालचा. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर कलेक्टराला लेखी कळवावे लागते: काय सापडले, कुठे, कधी. लपवले तर शिक्षा होते. मात्र कळवणारा बुडतो असे समजू नका. चौकशीत धनाचा कोणी मालक ठरला नाही, तर ते सापडणाऱ्याला मिळते. जमीनमालकाने हक्क सांगितला आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन वाटे सापडणाऱ्याला आणि एक वाटा मालकाला. सरकारने ते घेतले, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देते. संरक्षित स्थळी तर परवान्याशिवाय कुदळ मारणेच गुन्हा आहे.

तेव्हा नांगराला काही लागले तर नांगर थांबवा. जागेवर खूण करा, किती खोल होते ते लिहून ठेवा, आणि तहसीलदाराला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. नाणे चिंचेने, राखेने घासू नका. कळकाबरोबर अक्षरेही जातात. गुरुजींनी मुलांना पांढरीवर जरूर न्यावे. खणायला नव्हे, पाहायला. मुलांनी नकाशा काढावा, खापरे कुठे दिसतात ते टिपावे, म्हाताऱ्या माणसांना विचारावे की इथले लोक कुठे गेले.

ज्या गावात दिवा लागत नाही, त्याची हकीकत सांगणारे आता फक्त ती माती उरली आहे. तिचे बोलणे पुरे व्हायच्या आत तिच्या तोंडात कुदळ घालू नये, एवढेच आजचे सांगणे.