सर्पगंधा : मुळी आणि गोळी

निद्रानाश, उन्माद आणि सर्पदंश यांवर सर्पगंधेची मुळी पूर्वापार दिली जात असली, तरी तिच्या रक्तदाब उतरवण्याच्या गुणाकडे जगाचे लक्ष गेले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केल्यानंतर. कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी हा गुण १९३१ मध्येच नोंदवला होता, पण त्याची दखल परदेशात फारशी घेतली गेली नव्हती. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन हे अल्कलॉइड, म्हणजे अल्प मात्रेतही प्रभावी ठरणारे नायट्रोजनयुक्त वनस्पतिज संयुग, वेगळे केले.

आधुनिक वैद्यकाचे खरे बळ येथे दिसते: मुळीतील रेसर्पिनचे प्रमाण जमीन आणि हंगाम यांनुसार बदलत असल्याने चिमूटभर चूर्णात ते किती आहे हे सांगता येत नाही, गोळीत मात्र ते पाव मिलिग्रॅम असे मोजून देता येते. सर्पदंशावरील पारंपरिक उपयोग मात्र टिकला नाही. तेथे प्रतिविषच द्यावे लागते. अर्थात गोळीही निर्दोष नव्हती. पुढे, विशेषतः मोठ्या मात्रेत, नैराश्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आणि नवी औषधे आल्यावर रेसर्पिन मागे पडले.

सर्पगंधायुक्त काढा किंवा वटी घेणाऱ्या रुग्णाने ती गोष्ट आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावी, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर सर्पगंधा घेतल्यास रक्तदाब प्रमाणाबाहेर उतरू शकतो.